रोहणच्या विहिरीची रेघ

आमच्या टेकडीवरच्या कोरीव खडकाची राखण सासऱ्यांनी, मीर अफझलांनी, छत्तीस वर्षं केली. ते गेल्यावर माझा नवरा तहमास तिथे रोजंदारीवर लागला. नोकरी कायम व्हायची, तर खडक सुस्थितीत आहे असा अहवाल हवा होता, आणि तो लिहायला पेशावरहून दुर्खाने बीबी आल्या होत्या.

बीबी जुन्या गांधारी भाषेच्या अभ्यासक. या खडकावर कोरलेल्या लेखाबद्दल आजवर तीन पुस्तकांत छापून आलेलं त्या प्रत्यक्ष खडकाशी ताडून बघत होत्या. अदे, म्हणजे माझी सासू, मक्याची भाकरी आणि ताक द्यायला वर गेली आणि तिथेच बसली. तिला अक्षरओळख नाही. पण ही लिपी उजवीकडून वाचतात हे कळल्यावर ती म्हणाली, मग आमच्या पश्तोसारखीच की. बीबींनी ‘कुए’ असा शब्द वाचला, त्याचा अर्थ विहीर. अदे हसली. आम्ही पश्तोत विहिरीला कुहय म्हणतो.

“अदे, आता परीक्षा देणार का?” तहमासने विचारलं.

“तू दिली नाहीस, घरातल्या कुणीतरी द्यायला नको?”

रोज दुपारी ती वर जाऊ लागली. विहीर खणवणाऱ्याचं नाव पुढे होतं. सर्वांत जुन्या पुस्तकात ते रोहण होतं, म्हणजे पुरुष. नंतरच्या दोन्ही पुस्तकांत रोहणि, म्हणजे बाई. शेवटच्या अक्षरावर आडवी रेघ असली की ‘इ’ होतो, आणि रेघ तर दिसत होती. दोन हजार वर्षांपूर्वी एका बाईने विहीर खणवली, म्हणून बीबी खुशीत होत्या. अदेने ती रेघ नीट पाहिली आणि घरी आली.

कणसं सोलताना ती मला म्हणाली, रेघ माझी आहे. तहमास पोटात होता तेव्हा गवत कापता कापता विळा बोथट झाला. तिने तो खडकावर पाजवला, टोक सटकलं आणि अक्षरावर गेलं. नवऱ्याला कधी सांगितलं नाही.

मीच तिला गप्प राहायला सांगितलं, खोटं कशाला बोलू? तहमासची नोकरी त्या अहवालावर होती.

“विहीर खणणाऱ्याला कबरीतही पुण्याचा सवाब पोचत राहतो,” अदे म्हणाली. “तो भलत्याच बाईला जात असेल तर?”

“तो मुसलमान नव्हता, अदे.”

“त्या विहिरीचं पाणी तर अजून आपल्याच मेंढ्या पितात.”

दुसऱ्या दिवशी तिने बीबींना सगळं सांगितलं. बीबींनी साल विचारलं, बोटांवर मोजलं, मग जुन्या पुस्तकातलं छायाचित्र भिंगाखाली धरलं. त्यात त्या अक्षरावर रेघ नव्हती. इतके दिवस त्यांना वाटलं होतं की छपाईच पुसट आहे. विहीर खणवणारी ती बाई त्यांना हवी होती.

“अहवालातही हे लिहावं लागेल, अदे. नोकरीचं मग मी काही सांगू शकत नाही.”

“लिहा.”

तहमासचा चेहरा उतरला. कुणी सांगितलं म्हणून लिहू, असं बीबींनी विचारल्यावर तो मध्येच म्हणाला, आईचं नाव नको, मीर अफझलची बायको एवढंच लिहा. आमच्याकडे बाईचं नाव बाहेरच्यांना सांगत नाहीत.

“जरताजा,” अदे म्हणाली. “विळा माझा होता, त्यांचा नव्हता.”

जागा पलीकडच्या गावातल्या माणसाला मिळाली. तहमास तंबाखूच्या भट्टीवर जायला लागला आणि दोन महिने आईशी बोलला नाही.

वसंतात बीबींनी छापील पान पाठवलं. मी आठवी पास, त्यामुळे तळच्या बारीक अक्षरांत अदेचं नाव मी शोधून काढलं. ती म्हणाली, ते राहू दे, त्याचं नीट लिहिलंय का बघ.

“रोहण,” मी वाचलं.

“शेवटी रेघ नाही ना?”

“नाही.”

तहमास ओसरीवर जेवत होता. त्याने पान मागून घेतलं, खालपासून वरपर्यंत पाहिलं.

“अब्बाचं नाव कुठे आहे?”

“कुठेच नाही,” मी म्हटलं. “रेघ एकट्या अदेच्या नावावर आहे.”

त्याने पान आईच्या हातात परत दिलं आणि तिच्याकडेच आणखी ताक मागितलं.