सिस्टरचा हलका हात

आमच्या आत्याला सगळे सिस्टर म्हणतात. सव्वीस वर्षं तिने लहान मुलांच्या वॉर्डात सुया टोचल्या, आणि पोरं रडायची ती सुई टोचली म्हणून नव्हे, सिस्टर निघाली म्हणून, असं ती स्वतःच सांगते. स्वतःची पाठ स्वतः थोपटण्यात तिचा हात कोणी धरणार नाही.

निवृत्तीनंतर घरी बसून माझं डोकं खाण्यापेक्षा बरं, म्हणून तिने वनस्पतींच्या प्रयोगशाळेत नोकरी धरली. तिथल्या मॅडमना असाच हलका हात हवा होता. काम ऐकायला सोपं. बिनसुईची सिरिंज टोमॅटोच्या पानाला खालून टेकवायची, वरून बोटाचा आधार द्यायचा आणि द्रव हळूहळू आत ढकलायचा. जोर कमी पडला तर थेंब ओघळतो, जास्त झाला तर पान फाटतं. शिकलेसवरलेले संशोधक पानांची चाळण करून ठेवायचे. त्या द्रवात केसापेक्षा हजारो पटींनी बारीक असे कण असतात. ते पेशीच्या भिंतीतून आत शिरतात आणि जनुकात नेमका बदल करणारं सामान पोचवतात. बदल झाला की तीन आठवड्यांत पानावर खुणेचा पांढरा डाग उमटतो.

"रडत नाहीत, लाथा मारत नाहीत, आया मधे पडत नाहीत. असे पेशंट जन्मात मिळाले नव्हते," आत्या म्हणायची.

यंदा तिचा उजवा हात थरथरायला लागला. माझ्या आजोबांचं, म्हणजे तिच्या वडिलांचं, असंच सुरू झालं होतं. शेवटी शेवटी तीच त्यांना चमच्याने भरवायची. त्यामुळे पुढे काय वाढून ठेवलंय, हे तिला कोणी सांगायला नको होतं. "माणसाचंही असं दुरुस्त करता येतं का हो?" असं तिने मॅडमना हसत हसत विचारलं. मॅडमही हसल्या. आत्या आतून पार घाबरली होती. डॉक्टरकडे ती गेली नाही, आणि कोणाजवळ चकार शब्द काढला नाही.

मग ती सकाळ आली. छत्तीस रोपं होती. तीस रोपांना नेहमीचे कण द्यायचे होते, आणि शेवटच्या सहांना मॅडमनी दोन वर्षं खपून तयार केलेले नवे. ते बाटलीत जेमतेम सहा रोपांपुरते होते. तिसाव्या रोपापर्यंत हाताने ऐकलं. नवी बाटली उघडताना मात्र तो असा उडाला, की सगळा द्रव कुंडीतल्या मातीत गेला. मॅडम पलीकडच्या खोलीत होत्या. सांडलं म्हणावं, तर का सांडलं ते सांगणं आलंच. आत्याने सिरिंजमध्ये साधं पाणी भरलं आणि डाव्या हाताने सहाही रोपांना दिलं. पानं ओली, काळपट दिसली, अगदी खऱ्यासारखी. वहीत तिने लिहिलं, 'दिलं'. न दिलेल्या औषधापुढे तिने हा शब्द आयुष्यात कधी लिहिला नव्हता.

पुढचे तीन आठवडे फोन वाजला तरी ती दचकायची. ताटावरून उठून जायची. मी विचारलं, तर "वय झालं गं," म्हणून अंगावरची पाल झटकायची.

काल तीस रोपांवर डाग उमटलेले होते. सहा हिरवीगार. मॅडमनी बोलावलं, तेव्हा आत्याला वाटलं, भरला आपला घडा. पण मॅडमच रडवेल्या झाल्या होत्या.

"सिस्टर, नवे कण फुकट गेले. हे काम मी बंद करतेय."

"एकदा पुन्हा करून बघा ना," आत्या कशीबशी म्हणाली.

"कशाला? दुसऱ्या कोणी दिलं असतं, तर हातावर संशय घेतला असता. तुमचा हात चुकत नाही. म्हणजे कणच चुकले."

त्यापेक्षा त्यांनी थोबाडीत दिली असती तर परवडलं असतं, असं आत्या म्हणते. तिने उजवा हात टेबलावर ठेवला. शेजारचा सिरिंजचा ट्रे खडखडायला लागला.

"ते पाणी होतं, मॅडम."

मॅडमनी ट्रे बाजूला सरकवला.

"केव्हापासून?"

"चार महिने."

"घरी ठाऊक आहे?"

"नाही. भाची आधीच भित्री. तिच्या जिवाला कशाला घोर?"

हे सगळं तिने मला आज संध्याकाळी सांगितलं, आणि वर म्हणाली, "तुझ्यापासून लपवलं, रागावू नकोस."

मी कसली रागावतेय? चार महिने मी तिला चहा अर्धा कपच ओतत होते, सांडू नये म्हणून. विचारायची माझी हिंमत झाली नव्हती.