दीड वर्षाचं इंजेक्शन

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सुरतेत, पांडेसऱ्याच्या चाळीत आम्ही दोघी जावा एकाच महिन्यात बाळंत झालो. मला पोरगी, धाकटीला पोरगा. दीड महिन्याचं इंजेक्शन दोघांना बरोबरच दिलं. संध्याकाळी पोरं तापली, मांड्या सुजल्या. सासूने लगेच सुई स्टोव्हवर लाल केली. आमच्या खान्देशात तापल्या लेकराच्या पोटाला डाग देतात. धाकटीच्या पोराला तिने चर्रकन डाग दिला. माय वं, काय ती किंकाळी! माझ्या पोरीकडे वळली तसा मी तिचा हात पिरगाळला. नवरा मिलमधून आला आणि त्याने मला लाथांनी तुडवलं. "पुन्हा दवाखान्याची पायरी चढलीस तर तंगडी तोडीन."

तोड म्हटलं! महिन्याने, आदल्या रात्रीच्या मारातला फुटका ओठ घेऊन मी गेलेच. धाकटीला चल म्हटलं, तर तिने पदर ओढून नुसती नाही म्हणून मान हलवली. मोठ्या दिरासमोर, म्हणजे माझ्या नवऱ्यासमोर, ती कधी तोंड उघडत नसे.

नर्सबाई म्हणाली, "पहिल्या डोसात शरीर डांग्या खोकल्यासारख्या रोगाला नुसतं ओळखतं, पुढच्या दोनांत लढायला शिकतं. मग हळूहळू विसरायला लागतं, म्हणून दीड वर्षाची झाली की बूस्टर. त्याने पक्कं लक्षात राहतं. तापाला घाबरून मध्येच सोडू नकोस, बेन."

तिसराही डोस घेतला. दर वेळी मार खाल्ला. एकदा मीही लाटणं हाणलं.

थंडीत चाळीत डांग्या खोकला शिरला. माझी पोरगी थोडी खोकली आणि खेळायला लागली. धाकटीचा पोरगा खोकता खोकता निळा पडायचा. सासूने पुन्हा डाग दिला. एका दुपारी त्याचा श्वास परत आलाच नाही. धाकटीने भिंतीवर आपटून कपाळ फोडून घेतलं. मला तर सासूचा गळा दाबावासा वाटत होता.

पोरगी दीड वर्षाची झाली. तिला घेऊन निघाले, तर नवरा पट्टा काढून दारात उभा. तेवढ्यात धाकटी भाजी चिरायची टाकून उठली, हातात विळा. डोक्यावरचा पदर गळला, तो तिने सावरला नाही.

"दादा, बाजूला व्हा. माझा गेला. हिला अडवलंत तर इथेच उभे चिरीन."

नवरा बाजूला झाला. वाटेत धाकटीने पोरीला माझ्याकडून ओढूनच घेतलं.

इंजेक्शन टोचलं तशी पोरीने भोकाड पसरलं. धाकटी तिला छातीशी आवळून म्हणाली, "रड माय, रड. खूप रड."