मुठीतला गंज

उल्हासभावजींना तलवारीचं वेड लागलं ते सत्तरीत, आणि तेही स्नोब्लोअर आणायला गेले असताना. आमच्या शॉमबर्गमध्ये कुणी म्हातारं माणूस गेलं की मुलं येऊन घरातलं सगळं किडूकमिडूक गॅरेजमध्ये मांडून विकतात. दोन गल्ल्या सोडून एक गोरे आजोबा गेले होते. भावजी गेले बर्फ ढकलायचं यंत्र बघायला आणि आले काखेत तलवार मारून. मी ड्राइव्हवेतच अडवलं. म्हटलं, "हे काय? या वयात लढाईला निघालात की काय?"

"वहिनी, जपानी आहे. मासे पकडायच्या काठ्यांमागे पडली होती. स्टील बघा ना, स्टील!"

मला स्टील म्हणजे डबे ठाऊक. मी काय बघणार, कप्पाळ!

मी उत्तरा. भावजींच्या शेजारी तेवीस वर्षं राहते. त्यांची बायको सुवर्णा माझी मैत्रीण. ती जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती आणि आमचे हे जाऊन सात. माझा मुलगा विमानानं चार तासांवर, चँडलरला. रविवारी फोन करतो, "आई, ऑल गुड?" विचारतो, मी ऑल गुड म्हटलं की ठेवतो. भावजींची एकुलती एक मुलगी सिया तिकडे दक्षिणेला, अल्फारेटाला. म्हणजे दोन घरं, प्रत्येकी चार बेडरूम आणि दोन्ही घरांत मिळून माणसं दोन. कुणाला खोटं वाटेल, पण हिवाळ्यात असे दिवस जातात की मी दिवसभरात फक्त फ्रीजशी बोललेली असते.

भावजींनी तीस वर्षं एका कारखान्यात पोलादाचे तुकडे मायक्रोस्कोपखाली तपासले. एवढीशी भेग असलेलं चाक यांच्या नजरेतून सुटायचं नाही, असं सुवर्णा सांगायची. रिटायर झाले आणि ती नजर रिकामी झाली. तलवार आली तशी तिला काम मिळालं. पहिली फजिती मात्र लगेचच झाली. या तलवारीला जोडीदार हवा म्हणून त्यांनी ऑनलाइन दुसरी मागवली. ती निघाली भिंतीवर लटकवायची, मशीनवर केलेली. सियाला कळलं तेव्हा तिनं फोनवरच डोक्याला हात लावला असणार. "बाबा, दे सॉ यू कमिंग," म्हणाली, म्हणजे भोळं गिऱ्हाईक बघून तुम्हाला बरोबर गंडवलं.

पण माणूस हट्टी. पुस्तकं मागवली, जपानी अक्षरं गिरवली, भिंग घेऊन रात्रंदिवस बसले. मला बोलावून दाखवायचे, धारेवर ही पांढुरकी लाट दिसते ना, ती मशीनची नाही, मातीचा लेप देऊन भट्टीत घातल्याची आहे. मी हो हो म्हणायची. एकदा मी आमटी घेऊन गेले तर हे महाशय तोंडात कागदाची घडी धरून तलवारीपुढे बसलेले. मला वाटलं, संपलं, गेलं डोकं! तर त्यांनी तलवार खाली ठेवली, कागद काढला आणि शांतपणे सांगितलं, "जपानी लोक असंच करतात. उघड्या पात्यासमोर बोलायचं नाही. थुंकीचा कण उडाला तर डाग पडतो."

"अहो, तुमच्याशी बोलायला इथे आहे कोण?"

हे मी हसत बोलले. ते हसले नाहीत. मला मेलीला कुठे काय बोलावं याचा पोच नाही, हे माझ्या सासूबाई म्हणायच्या ते काही अगदीच खोटं नव्हतं.

आता खरी गोष्ट. सियाला बाबांनी घर विकून अल्फारेटाला यावं असं वाटत होतं. तिच्या घरापासून दहा मिनिटांवर ज्येष्ठांसाठी एक वसाहत आहे. जेवण तयार, नर्स दारात, योगाचा क्लास. इकडे भावजींचं दूध दोनदा उतू जाऊन स्मोक अलार्म वाजला होता, गाडी मेलबॉक्सला घासली होती, त्यात ती नकली तलवार. पोरगी काळजीनं बोलत होती, तिला मी दोष देणार नाही. पण भावजींचा जीव त्या घरात. सुवर्णानं लावलेला कडीपत्ता ते हिवाळ्यात घरात घेऊन दिव्याखाली ठेवत, तो कुठल्या वसाहतीत नेणार?

एक दिवस मी तिथे असतानाच स्पीकरवर वादावादी झाली. शेवटी भावजी म्हणाले, "एप्रिलमध्ये विमानतळाजवळच्या हॉटेलात तलवारींचं प्रदर्शन आहे. जपानहून जाणकार येतात, तलवार बघून खरी असेल तर कागद देतात. माझ्या मते ही चारशे वर्षांची आहे आणि तिच्यावरची कारागिराची सही अस्सल आहे. ते जर हो म्हणाले, तर माझी नजर आणि डोकं दोन्ही शाबूत आहेत हे मान्य करायचं. घराचा विषय पुन्हा काढायचा नाही."

सिया हसली. "आणि नाही म्हणाले तर?"

"तर बॅग भरतो."

"डील," सिया म्हणाली. "मी स्वतः येणार बघायला."

ऑक्टोबरात सियानं त्यांना आठवडाभर नेलं, ती वसाहत नुसती बघून तरी घ्या म्हणून. झाडांना पाणी घालायला घराची किल्ली माझ्याकडे. खंडेनवमीच्या दिवशी मी सकाळी आमच्याकडची पूजा उरकली. माझ्या माहेरी साताऱ्याला त्या दिवशी विळी, कोयता, कात्री, शिलाई मशीन, सगळं चिंच-मीठ लावून लखलखीत घासायचं आणि मग हळदकुंकू. आईचा नियमच होता, गंजकं हत्यार देवीपुढे ठेवायचं नाही. इथे मी मिक्सरची पाती आणि गाडीची किल्ली पुजते. पूजा झाली आणि सुवर्णा आठवली. ती दर वर्षी करायची. तीन वर्षं त्या घरात कुणी साधं फूल वाहिलेलं नव्हतं. मला भरूनच आलं.

पाणी घालायला गेले तर डायनिंग टेबलावर पांढऱ्या कापडावर तलवार. भावजी तिच्या शेपटीचा काहीतरी ठसा घेत होते वाटतं, कागद आणि शाईची कांडी बाजूलाच होती आणि मूठ काढून ठेवलेली होती. पुढचं पातं आरशासारखं. आणि मुठीत जातो तो मागचा वीतभर भाग काळाकुट्ट, गंजानं खाल्लेला. त्यात ती जपानी अक्षरं बुजलेली. मी म्हटलं, हा पुरुषांचा कारभार! समोरचं तेवढं चकचकीत, मुठीत लपतं तिथे कोण बघतंय! हात शिवशिवले माझे. घरून चिंच आणली, मीठ आणलं, तारेची घासणी आणली. चांगला तासभर घासलं, बाई. खांदा भरून आला. पण असा लख्ख निघाला तो भाग की काय सांगू. पुसून कोरडा केला, इंडियन स्टोअरमधून आणलेली झेंडूची फुलं वाहिली, कुंकू लावलं, निरांजन ओवाळलं आणि फोटो काढून भावजींना पाठवला.

दोन तास उत्तर नाही. मग आलं, "वा. सुवर्णाची आठवण झाली."

मी तो मेसेज तीनदा वाचला आणि रडले.

ते परत आले ते गप्प गप्पच. तलवार पेटीत गेली, भिंग ड्रॉवरमध्ये. मी विचारलं तर म्हणाले, "थंडी आहे." मला राग आला. एवढे पैसे घातले, एवढा हट्ट केला आणि चार दिवसांत हौस फिटली! तोंडावर बोलून दाखवलं मी, "तुमचं बाई धरसोडीचं काम." ते म्हणाले, "खरं आहे वहिनी." तशी मी आमटी न्यायची, ते डबा धुऊन परत आणून द्यायचे. सुवर्णा गेल्यापासून हे एवढंच आमचं येणंजाणं, पण ते कधी बंद पडलेलं मला आठवत नाही.

एप्रिलमध्ये सिया आली. भावजी प्रदर्शनाला जायला नाही म्हणतील असं मला वाटलं होतं, पण फॉर्म भरलेला होता, पोरीनं तिकीट काढलेलं होतं. गाडी मी चालवली. हॉटेलच्या मोठ्या हॉलमध्ये टेबलंच टेबलं, त्यावर तलवारी आणि त्या बघणारी माणसं तोंडातून शब्द न काढता उभी. कुणी तलवार हातात घेण्याआधी तिला मान लववी. मला ते आवडलं, खरंच. आपल्यासारखंच वाटलं.

आत एका खोलीत तीन वयस्क जपानी गृहस्थ बसले होते आणि शेजारी इंग्रजी करून सांगणारी एक मुलगी. भावजींची पाळी आली. मधल्या गृहस्थांनी पातं उजेडाकडे धरलं, बराच वेळ बघितलं, मान डोलावली. मग त्यांनी मागचा भाग पाहिला आणि थांबले. शेजारच्याला दाखवलं. तिघंही माझ्या चिंचेनं निघालेल्या चकाकीकडे बघत राहिले. एकानं तोंडानं हवा आत ओढली, एखाद्याला लागलेलं बघून आपण ओढतो तशी.

मुलगी हळू आवाजात सांगायला लागली. पातं सुंदर आहे. जुनं असण्याची खूप शक्यता आहे. पण वय आणि सही खरी की खोटी, हे या मागच्या गंजावरून ठरतं. तो गंज शेकडो वर्षांत हळूहळू चढतो, त्याचा रंग ही तलवारीची साक्ष असते. म्हणून तो भाग कुणी कधीही साफ करत नाही. हा घासला गेला आहे, अक्षरांच्या कडाही गेल्यात. आता कागद देता येणार नाही. मग तिनं विचारलं, "हे कुणी साफ केलं?"

भावजींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मी केलं," ते म्हणाले. "नवशिक्याची चूक."

जपानी गृहस्थांनी दोन्ही हातांनी तलवार परत दिली. भावजींनी मान लववून घेतली.

परतीच्या वाटेवर सिया मागच्या सीटवर होती. आधी तिचा आवाज चढला, मग रडवेला झाला. "बाबा, मला फोनवर तुम्हीच सांगितलं होतं, गंजाला हात लावायचा नाही, दॅट्स रूल नंबर वन. तुम्ही दीड वर्षं हेच वाचत होता. आणि तरी घासलं? तुम्हाला आठवतंय तरी का घासलेलं?"

"आठवतं ना."

"कशानं घासलं?"

"चिंचेनं."

"हे भगवान," सिया म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली. तिला काय वाटलं ते मला आरशात स्वच्छ दिसलं. तिला वाटलं, बाबांचं डोकं आता त्यांच्या ताब्यात राहिलेलं नाही.

आणि मी? मी गाडी चालवत होते. जिला गप्प बस म्हणून आयुष्यभर सगळ्यांनी सांगितलं, ती मी त्या अर्ध्या तासात एक शब्द बोलले नाही. 'सिया, मी घासली,' एवढं म्हणायला किती वेळ लागतो? ओठावर आलं होतं. पण लाज वाटली. ही पोरगी काय म्हणेल, मराठी मंडळातल्या बायका काय म्हणतील, मुलाला कळलं तर तो मलाही कुठल्या वसाहतीत टाकेल. म्हटलं, घरी गेल्यावर सांगू. घरी गेल्यावर म्हटलं, उद्या. उद्या सियाचं विमान होतं. मग म्हटलं, फोनवर. मे महिन्यात घरापुढे विक्रीची पाटी लागली, आठ दिवसांत गिऱ्हाईक ठरलं. भावजींना एकदा दारात गाठून मी तोंड उघडलं, तर म्हणाले, "वहिनी, कडीपत्ता तुमच्याकडे ठेवा बरं का. तिथे बाल्कनी उत्तरेला आहे." आणि आत गेले.

जूनमध्ये ट्रक भरून गेला. सियानं भाड्याच्या गाडीत भावजींना बसवलं, पट्टा लावून दिला. तेव्हा मी तिला ड्राइव्हवेच्या टोकाशी गाठलं आणि सगळं सांगितलं. माहेर, खंडेनवमी, घासणी, सगळं. रडत रडत.

तिनं पूर्ण ऐकून घेतलं. "मावशी," म्हणाली, "मी बाबांना मेमरी टेस्टला नेलं होतं. ही वॉज फाइन. एकदम फाइन. तरी मी म्हटलं, ज्यानं स्वतःच्या हातानं ती तलवार घासली, त्याला एकटं कसं ठेवू?" तिचा आवाज फाटला. "काल घर विकल्याची शेवटची सही झाली, मावशी. मग तेव्हा का नाही बोललात?"

ती गाडीत जाऊन बसली आणि स्टीअरिंगवर डोकं टेकून राहिली. मी भावजींच्या खिडकीशी गेले. काच खाली होती, त्यांनी ऐकलं होतं.

"तुम्ही तरी का नाही सांगितलंत?" मी त्यांनाच ओरडले. अजून लाज वाटते त्याची. "माझं नाव घ्यायचं होतं सरळ!"

"घेतलं असतं तर तुम्ही शरमेनं यायच्या बंद झाला असतात," भावजी म्हणाले. "मग माझ्याकडे येतं कोण, वहिनी?"

सियानं गाडी मागे घेतली. मी तिथेच उभी राहिले. नव्या मालकांचा माणूस आला आणि, मॅडम, जरा बाजूला होता का, म्हणाला, तेव्हा बाजूला झाले.