हात खालीच ठेवणारा गेदेओन

गेदेओन फाव्र आमच्या बाकावर घड्याळाच्या स्प्रिंगा घासायचा. त्याची एकही स्प्रिंग खोट निघून कधी परत आली नाही. जिनिव्हातल्या आमच्या कारखान्यात रीत अशी, की एकाने मोठ्याने पुस्तक वाचायचं आणि बाकीच्यांनी त्याचं काम वाटून घ्यायचं. गेदेओन वाचता वाचता भांडायचा.

"हा इंग्रज म्हणतो, माणसं एकमेकांना भ्याली म्हणून सगळं राजाला देऊन बसली."

"तू बायकोला भितोस. तिला काय दिलंस?" मी विचारलं.

"सगळं. जीभ तेवढी ठेवली."

दुसरा इंग्रज त्याला बरा वाटे. त्याच्या मते जीव, मोकळीक, कष्टाचं फळ हे राजाच्या आधीपासूनचं, निसर्गाने दिलेलं. राजाने ते राखलं नाही तर करार मोडला. तिसरा आमच्याच गावचा, घड्याळजीचा पोर. कायदा सगळ्यांनी मिळून केला तरच तो आपला, असं त्याचं म्हणणं. त्याचं पुस्तक गावाने जाळलं होतं. आमची प्रत हाताने उतरवलेली.

आम्ही इथेच जन्मलो, पण आजे बाहेरून आलेले, म्हणून आम्हाला मत नव्हतं. १७७० साली आमच्या लोकांनी हक्क मागितले, तर हुकूम निघाला: हात वर करून सरकारशी निष्ठेची शपथ घ्या, नाहीतर गाव सोडा.

नगरसभेत न्यायाधीशांपुढे मी हात वर केला. घरात दोन लहान पोरं होती. माझ्यामागे गेदेओन.

"हात वर," न्यायाधीश म्हणाले.

"साहेब, करार दोन बाजूंचा असतो. तुमची बाजू आमच्यापुढे शपथ कधी घेणार?"

"तुझ्या आज्याने कबूल केलंय."

"त्याने त्याचा शब्द दिला. माझा कसा देईल?"

"तू इथे राहतोस, खातोस. तोच तुझा होकार."

"मग होकार मिळालाच की! शपथ कशाला हवी?"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. न्यायाधीशांचे कान लाल झाले.

"हात वर कर, नाहीतर चालू लाग."

गेदेओनने दोन्ही हात पाठीमागे बांधले.

गेदेओनच्या घरी सामान बांधायला मी गेलो, पण दारातच घुटमळलो.

"भावोजी," त्याची बायको ज्युदीत म्हणाली, "लाजायचं नंतर बघा. आधी पेटी उचला."

पेटीत लेथ, काम पकडून ठेवायचा शेगडा, कानशी. दोघांनाही जड. मागच्या गल्लीने वेस जवळ होती. गेदेओन मात्र पेटीची एक कडी धरून भर दुपारी नगरसभेच्या दारावरून, चढाने निघाला.

"अरे, लांब पडेल!"

"पडू दे. बघू दे त्यांना."

मी दुसरी कडी धरली.