विळ्याखालची वेल

जंगलातल्या विजेच्या तारांवर चढणाऱ्या वेली कापण्यात त्यांची अठ्ठावीस वर्षं गेली होती. शिडीवर असे सरसर चढत की वीज कचेरीत सगळे त्यांना खारूकाकाच म्हणत. निवृत्तीला दोन वर्षं उरली आणि नेमके डोळे दगा देऊ लागले. तपासणीच्या फलकावरची अक्षरं तोंडपाठ करून त्यांनी डॉक्टरलाही गुंडाळलं. बायकोने ताटातली अळी दाखवली, तर म्हणाले, जिरं असेल. खरं बाहेर आलं असतं तर गोदामात स्टुलावर बसून खिळे निवडावे लागले असते, आणि त्या स्टुलाची त्यांना भारी धास्ती होती.

त्या सकाळी वीजपुरवठा बंद करून ते वर चढले. खाली जुना जोडीदार शिडी धरून उभा होता. ह्या कामाची एक रीत आहे. वेल आधी डाव्या मुठीत धरायची, मगच विळा घालायचा, नाहीतर तुटलेली वेल तारेतच लोंबकळते. काकांनी बोटाएवढी हिरवी वेल धरली, विळा टेकवला, आणि वेल मुठीत आकसली.

हरणटोळ! मूठ आपोआप सुटली. साप पळाला नाही. वारा आला तसा पानांबरोबर हलकेच झुलत राहिला. काका शिडी घट्ट धरून वीतभर अंतरावरून बघू लागले; एवढ्या जवळचं त्यांना अजून दिसत होतं. टोकदार तोंड, डोळ्यात आडवी बाहुली. मग शेपटीच्या अलीकडे अंग फुगलं, एक ओली, पारदर्शक पिशवी बाहेर आली, फुटली, आणि गवताच्या पातीएवढं पिल्लू पानावर सरकलं. मागोमाग दुसरं. साप अंडी घालतात एवढंच काकांना ठाऊक. त्यांच्या अंगावर काटा आला, डोळे भरून आले. एवढं सुंदर आपण जन्मात पाहिलं नाही, असं त्यांना वाटलं.

ते सावकाश खाली उतरले. कापली का, असं जोडीदाराने विचारलं.

"नाही. वर बाळंतपण चाललंय. दुपारपर्यंत कुणी चढायचं नाही."

त्यांनी विळा जोडीदाराच्या हातात दिला. "आणि यापुढे शिडी तुझी. मला दिसत नाही रे."

तिथून ते तडक साहेबांकडे गेले आणि सगळं कबूल केलं. स्टूलही मुकाट्याने पत्करलं. पण गेल्या वर्षभरात कापलेल्या वेलींपैकी खरोखरच्या वेली किती होत्या, हे मात्र त्यांना कुणालाच विचारता येईना.