तांड्यावरचा बटवा
परवा बटव्याचा एक आरसा सुटून पडला आणि पन्नास वर्षांपूर्वीची येलदरी आठवली. धरणाचं समुद्रासारखं पाणी बघायला आईनं मला नेलं होतं. काठाजवळच्या बंजारा तांड्यावर एक म्हातारी चाचपत चाचपत बटव्यावर आरसे शिवत होती. मी तिच्या दंडापर्यंतच्या पांढऱ्या बांगड्या निरखत होते, ती आईचा चष्मा. "बगू का घालून?" म्हणाली आणि चष्म्यातून बटवा बघताच हसत सुटली, "लय वाकडं शिवायले की मी!" ती टाके उसवायला लागली तसा आईनं तिचा हात धरला, "राहू द्या, मावशी. चष्मा लावून दुसरी बाजू शिवा." सांजच्या एसटीला निघताना तिनं बटवा माझ्या हातात दिला, आईनं चष्मा मागितलाच नाही. परवा सुटलेला आरसा चष्मा लावून शिवलेल्या बाजूचा होता. चाचपून शिवलेल्या बाजूचा अजून एकही हललेला नाही.