उंचीची रेघ

वॉटर पार्कला जायचं ठरलं आणि मी जिथे स्वयंपाकाला आहे, त्या घरची चिनू दाराला पाठ लावून उभी राहिली. मोठ्या घसरगुंडीला उंची लागते म्हणे.

"टाचा खाली टेक, लबाडे!" वहिनी, म्हणजे तिची आई, ओरडल्या.

"मावशी, तूच रेघ मार!"

मी मारली. शाळा अर्धवट राहिलेल्या मला वहिनींनी घरच्यासारखं ठेवलंय, खोटं कशाला बोलू? पण त्या रेघेवर मी जळले. माझी लेक गावी आईकडे वाढतेय. तिच्यासाठी फ्रॉक घेते तो अंदाजानंच, आणि तो बसेल ना, म्हणून धास्तावते.

फोनवर आईला विचारलं, "केवढी झाली गं?"

"अगं, डोकं दाराच्या कडीला लागतंय आता!"

ती कडी चिनूच्या रेघेच्या वर येते की खाली, तेच मला आठवेना.